पाच उठले, कोरम शाबूत: पुण्याचे कायदे कौन्सिल, ऑगस्ट १९०१

ऑगस्ट १९०१. पुण्याच्या कॅम्पातल्या कौन्सिल हॉलमध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे कायदे कौन्सिल भरले होते. अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट. वादाचा विषय होता मुंबई जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करणारे विधेयक. ते लगेच पुढे न रेटता त्यावर आधी बाहेरची मते मागवावीत, अशी दुरुस्ती फिरोजशहा मेहतांनी मांडली. ती पडली. तेव्हा मेहता उठले, आणि त्यांच्यामागून डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, गोकुळदास पारेख, दाजी आबाजी खरे आणि गोपाळ कृष्ण गोखले. पाच नामदार दालनाबाहेर गेले. कामकाज थांबले नाही. विधेयक संमत होऊन मुंबईचा १९०१ चा सहावा कायदा झाला.

उठून गेलेल्या पाचांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बसून राहिलेल्यांकडे फारसे कुणी पाहत नाही. ते बहुतेक सरकारी अधिकारी होते. ते तिथे कोणत्या नेमणुकीने आले, त्यांच्यातले किती गैरहजर राहिले तरी सरकारचे भागत होते, आणि पाच माणसे निघून गेल्यावरही बैठक कायदेशीर कशी राहिली, हे पाहिले की त्या दिवसाचा निकाल आधीच का ठरलेला होता ते कळते.

आधी विधेयक थोडक्यात. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला छपन्न्याचा दुष्काळ म्हणतात, नुकताच होऊन गेला होता. शेतसारा थकला होता. १८७९ च्या संहितेप्रमाणे सारा थकला की खातेदाराची जमीन सरकारजमा करता येत असे. नव्या विधेयकाचा गाभा पुढचा होता: अशी जमीन पुन्हा लावून देताना कलेक्टरने मुदत आणि अटी घालाव्यात, म्हणजे ती विकता किंवा गहाण टाकता येऊ नये. महसूल खाते सांभाळणारे कार्यकारी सभासद जेम्स मॉन्टेथ यांनी विधेयक आणले. सावकाराच्या हातून कुणब्याची जमीन सोडवणे हा हेतू त्यांनी सांगितला. विरोधकांचे म्हणणे असे की ज्या जमिनीवर कर्ज काढता येत नाही ती कसणाऱ्याची पतच बुडते. सावकार हटवला तर बी-बियाण्याला आणि बैलाला पैसा कोण देणार, ते आधी सांगा. शिवाय दुष्काळात थकलेल्या साऱ्यापायी जप्त झालेल्या जमिनीच या नव्या अटींखाली जाणार होत्या. ज्याने पीक गमावले त्यानेच हक्कही गमवायचा, असा त्याचा अर्थ निघत होता. मॅकडॉनेल दुष्काळ आयोगाने त्याच साली म्हटले होते की मुंबई इलाख्यातल्या निदान चौथ्या हिश्श्याच्या शेतकऱ्यांच्या हातून जमिनी गेल्या आहेत. हा आकडा दोन्ही बाजूंना सोयीचा होता, म्हणून दोन्हीकडून वापरता येत होता.

आता कौन्सिलची बांधणी. इथे घाई करून चालत नाही, कारण सगळी मेख आकड्यांत आणि शब्दांत आहे.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलला कायदे करण्यापुरते ‘जादा सभासद’ जोडून दिले. त्या वेळी त्यांची संख्या चार ते आठ होती. १८९२ च्या कायद्याने ती किमान आठ आणि कमाल वीस केली. ॲडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, या मोजणीबाहेर, वेगळा. नेमलेल्या जादा सभासदांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असले पाहिजेत, ही १८६१ ची अट तशीच राहिली.

वीसची कमाल धरून बेरीज करू. गव्हर्नर एक. कार्यकारी कौन्सिलचे सभासद दोन, दोघेही सिव्हिल सर्व्हिसमधले. (१८९५ पर्यंत मुंबईच्या फौजेचा सेनापतीही इथे बसत असे, इलाख्यांच्या वेगळ्या फौजा मोडल्यावर ती खुर्ची गेली.) ॲडव्होकेट जनरल एक. जादा सभासद वीस, त्यांतले सरकारी जास्तीत जास्त दहा. म्हणजे एकूण चोवीस, आणि सरकारच्या बाजूची बांधलेली मते चौदा. बिनसरकारी दहा. ‘निम्मे बिनसरकारी’ हे शब्द ऐकायला बरोबरीचे वाटतात, पण ते निम्मेपण फक्त जादा सभासदांत आहे. गव्हर्नर, त्यांचे दोन सहकारी आणि ॲडव्होकेट जनरल हे चौघे त्या तागडीबाहेर उभे आहेत, आणि सरकारचे बहुमत नेमके त्या चौघांचे आहे.

त्यातही बिनसरकारी दहा म्हणजे लोकांचे दहा असे नाही. १८९२ च्या कायद्यात निवडणूक हा शब्दच नाही. मुंबई महापालिका, विद्यापीठ, चेंबर ऑफ कॉमर्स, दख्खनचे सरदार, विभागांतल्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे अशा संस्थांनी नाव सुचवायचे आणि गव्हर्नरने ते नेमायचे, अशी तजवीज नियमांनी केली. मुंबईत अशा शिफारशीच्या जागा आठ. उरलेल्या बिनसरकारी जागांवर गव्हर्नर आपल्या मर्जीने माणूस घेई. आठांतही चेंबर ऑफ कॉमर्सचा गोरा व्यापारी आणि सरदारांचा प्रतिनिधी मेहतांच्या मागे जातीलच असे धरता येत नव्हते. मध्य विभागातून आलेले गोखले आणि मुंबईतले वकील, डॉक्टर अशी मोजकी माणसे खऱ्या अर्थाने विरोधी बाकावर होती.

नेमणुकीचे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत, कारण जुनी कागदपत्रे वाचताना अभ्यासक इथेच घसरतात. पहिला प्रकार पदामुळे मिळणारी जागा. ॲडव्होकेट जनरलबाबत कायद्याची भाषा अशी की त्या पदावर असलेला किंवा त्या पदाचे काम पाहणारा माणूस. म्हणून मूळचा बॅरिस्टर रजेवर विलायतेला गेला तरी जागा रिकामी पडत नाही. हंगामी माणूस आपोआप बसतो. दुसरा प्रकार नावाने केलेली नेमणूक. सरकारी जादा सभासद हे असे नावाने नेमलेले होते. महसूल खात्याचा सेक्रेटरी सभासद असला तरी तो सेक्रेटरी म्हणून बसलेला नाही, व्यक्ती म्हणून बसला आहे. तो रजेवर गेला आणि त्याच्या खुर्चीवर दुसरा आला, तरी त्या दुसऱ्याला कौन्सिलात पाऊल टाकता येत नाही. त्याची स्वतंत्र नेमणूक व्हावी लागते, आणि त्याआधी जागा रिकामी असावी लागते.

जागा रिकामी कशी होते? मृत्यू आणि राजीनामा हे सरळ मार्ग. बिनसरकारी सभासदाने सरकारी नोकरी पत्करली तर त्याची जागा जाते. १८९२ च्या कायद्याने आणखी एक वाट नीट बांधून दिली: जादा सभासद सलग दोन महिने हिंदुस्थानाबाहेर असेल किंवा काम करायला असमर्थ असेल, तर गव्हर्नरने गॅझेटात जाहिरात देऊन जागा रिकामी झाल्याचे प्रसिद्ध करावे. ‘करावेच’ असे बंधन नाही, करता येते इतकेच. रिकाम्या जागेवर जो येईल त्याला आधीच्याची उरलेली मुदत मिळत नाही; नेमणुकीच्या तारखेपासून पुरी दोन वर्षे मिळतात. त्यामुळे काही वर्षांत सगळ्यांच्या मुदती एकमेकांपासून सुटतात आणि कौन्सिल एकदम कधीच बदलत नाही. यादी हाती घेऊन ‘अमुक सालचे कौन्सिल’ असे एकच चित्र काढू गेले की फसगत होते. तारखेगणिक यादी वेगळी असते.

सरकारी अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही सोय फार उपयोगी होती. सिव्हिलियन, म्हणजे सिव्हिल सर्व्हिसमधला माणूस, सतत हलता. आज कलेक्टर, उद्या कमिशनर, परवा लांब रजेवर बोटीत. जादा सभासद असलेला अधिकारी रजेवर निघाला की त्याने राजीनामा द्यायचा, गॅझेटात दोन ओळी यायच्या, आणि पुढच्या बैठकीला दुसरा हजर. बिनसरकारी बाजूला असा पर्याय नव्हता. एखादा वकील आजारी पडला तर त्याच्या संस्थेने पुन्हा नाव सुचवेपर्यंत खुर्ची रिकामी राही.

याला कायद्यात एक कुंपण घातलेले दिसते: रिकाम्या जागा भरताना बिनसरकारी सभासदांचे ठरलेले प्रमाण कमी करता येणार नाही. वाचून बरे वाटते. पण १८६१ च्या कायद्यात दुसरे कलम होते: कायदा मांडताना किंवा संमत होताना बिनसरकारी सभासदांचे प्रमाण पुरे नव्हते, एवढ्या कारणाने तो कायदा रद्दबातल ठरणार नाही. दोन्ही एकत्र ठेवून पाहावे. नेमताना प्रमाण पाळा, पण कायदा करताना ते मोडलेले असले तरी चालेल. पाच जण उठल्यावर या दुसऱ्या कलमाची गरजही पडली नाही, कारण उठून गेल्याने सभासदत्व जात नाही. नेमलेल्यांचे प्रमाण कागदावर शाबूत होते.

आता हजेरी. मुंबई सरकारचा मुक्काम वर्षात तीन ठिकाणी फिरे: थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. कौन्सिल सरकारच्या मागोमाग फिरत असे. हे विधेयक मे महिन्यात महाबळेश्वरी मांडले गेले आणि ऑगस्टमध्ये पुण्याला चर्चेला आले. सेक्रेटरी आणि त्यांच्या कचेऱ्या सरकारबरोबरच हलत, म्हणून त्यांची हजेरी ठरलेली. मुंबईत वकिली करणाऱ्या सभासदाला महाबळेश्वर गाठायचे तर पुण्याला गाडी बदलून वाठार स्टेशन, तिथून टांग्याने वाई, पसरणीचा घाट, पांचगणी. एक बैठक म्हणजे कामाचे कित्येक दिवस. जिल्ह्यातल्या सरकारी सभासदांना मे महिनाही अडचणीचा असे. पावसाळ्याचे तसे नव्हते. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत कलेक्टर-कमिशनर तंबू घेऊन फिरतीवर. पावसात ते मुख्य ठिकाणी परत आलेले. वादाचे बिल मतास टाकायला पुण्याचा ऑगस्ट सरकारला सर्वांत सोयीचा महिना होता. योगायोगाने तो गोखल्यांनाही सोयीचा होता. ते तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते आणि कौन्सिल हॉल गावातच.

सरकारला किती गैरहजेरी परवडत होती? कमाल बांधणीत सरकारी चौदा आणि बिनसरकारी दहा. दहाही बिनसरकारी एकत्र आले, एकही फुटला नाही, असे सरकारला सर्वांत वाईट दिवस धरू. चार अधिकारी आले नाहीत तर दहा विरुद्ध दहा. कायद्याने बरोबरी झाल्यास अध्यक्षस्थानी असलेल्या गव्हर्नरला निर्णायक मत होते. म्हणजे चार गैरहजर चालतील. पाचवा मात्र येऊ शकला नाही तर नऊ विरुद्ध दहा. आणि ही स्थिती दहा जणांची एकी होईल या गृहीतावर. सरकारनियुक्त दोन बिनसरकारी सरकारकडेच राहिले असे धरले, तर विरोधात उरतात आठ, आणि सरकारच्या बाजूला सोळा. मग आठ अधिकारी घरी राहिले तरी गव्हर्नरच्या मताने काम भागते. एवढी ऐसपैस जागा असलेल्या सभेत सरकारी माणसाला हजेरीचा धाक घालायची वेळ क्वचितच येते. त्याला बोलावणे जाते ते भाषणाच्या उपयोगासाठी: महसुलाचे बिल असेल तर महसुलातला जाणता अधिकारी, शाळांचे असेल तर शिक्षण खात्यातला.

अधिकाऱ्याला स्वतःचे मत नव्हते का? होते, पण त्याची जागा कौन्सिलात नव्हती. बिल तयार होताना कमिशनर, कलेक्टर यांची लेखी मते मागवली जात आणि तिथे विरोध नोंदवता येई. एकदा गव्हर्नर-इन-कौन्सिलने, म्हणजे गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी कौन्सिलने मिळून, निर्णय केला की सभेत हात एकाच बाजूला वर जायचा. सतरा वर्षांनी राज्यकारभाराच्या सुधारणांवरच्या मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड अहवालात या ‘सरकारी गटा’ची खुली चर्चा झाली, कारण तोपर्यंत त्यात बसणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ते ओझे झाले होते. ज्याला आपल्या जिल्ह्यातला प्रश्न सभेतल्या सर्वांपेक्षा अधिक कळतो, त्याने गप्प बसून हात वर करायचा, ही काही सुखाची स्थिती नव्हे.

या पार्श्वभूमीवर मेहतांची दुरुस्ती पाहिली तर तिचे शहाणपण कळते. त्यांनी विधेयक फेटाळा असे म्हटले नाही; ते जिंकता येणारच नव्हते. थांबा आणि मते मागवा, एवढीच मागणी केली. तिला हो म्हणण्यात सरकारचे काही बिघडत नव्हते, आणि नाही म्हटले तर घाई उघडी पडत होती. शिवाय मते मागवली असती तर सभेत गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी काहींची कागदावरची मते बाहेर येण्याची शक्यता होती. सरकारने नाही म्हटले.

त्यानंतर पाचांपुढे दोन वाटा होत्या. एक, बसून कलमवार दुरुस्त्या मांडायच्या, प्रत्येक हरायची, आणि शेवटी कायद्यावर सर्वांनी चर्चा केल्याचा शिक्का उमटू द्यायचा. दुसरी, उठून जायचे. गोखल्यांनी उठताना सांगितले की यात गव्हर्नरचा व्यक्तिशः अनादर नाही, कर्तव्य म्हणून हे करावे लागते आहे. अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या इंग्रजांच्या, वृत्तपत्रांनी यावर टीका केली. पण सभात्यागाचे शस्त्र इथे किती बोथट होते ते कोरमच्या कलमात दिसते. कायदे करण्याच्या बैठकीला गव्हर्नर किंवा कार्यकारी कौन्सिलचा एक सभासद, आणि इतर चार किंवा अधिक सभासद हजर हवेत. हे चार कोण असावेत यावर बंधन नाही. ॲडव्होकेट जनरल, दुसरा कार्यकारी सभासद आणि दोन सेक्रेटरी मिळून कोरम होतो. पाचच काय, सगळे बिनसरकारी दहा जण उठले असते तरी बैठक पूर्ण कायदेशीर राहिली असती. अधिकारी एकटेच सभा चालवू शकतात, ही सोय मुळातच करून ठेवलेली होती.

मग मिळाले काय? नोंद. कौन्सिलच्या वृत्तान्तात सुरुवातीला हजर सभासदांची यादी असते: अध्यक्ष, मग कार्यकारी सभासद, ॲडव्होकेट जनरल, मग जादा सभासद. गैरहजरांची यादी नसते. त्यामुळे उठून गेलेला सभासदही त्या दिवशी ‘हजर’च दिसतो. त्याचे जाणे मजकुरात शोधावे लागते, आणि मतविभागणी झाली असेल तर तिथल्या नावांवरून ताडावे लागते. वरच्या यादीतली नावे मोजून मतदान काढणारा म्हणूनच चुकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नावापुढे ‘नामदार’ दिसले की लोकप्रतिनिधी समजणे. ती पदवी सरकारी सभासदालाही तितकीच लागू होती. तिसरी अशी की एकाच अधिकाऱ्याचे नाव दोन वेगळ्या हुद्द्यांखाली आले की दोन माणसे धरली जातात.

गोखले त्याच वर्षाअखेर व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि १९०२ पासून कलकत्त्याला अर्थसंकल्पावर बोलू लागले. १९०९ च्या सुधारणांनी मुंबईची कमाल संख्या पन्नासवर नेली आणि इलाख्यांच्या कौन्सिलात सरकारी बहुमत सोडून दिले. मात्र बिनसरकारी बहुमतात सरकारनियुक्त माणसे धरलेली होती, म्हणून १९०१ चा हिशेब पुरता मोडला नाही. तो मोडला १९१९ च्या कायद्याने: सरकारी सभासद शेकडा वीसपेक्षा जास्त नाहीत, निवडून आलेले शेकडा सत्तरपेक्षा कमी नाहीत.

त्या दिवशी संमत झालेल्या दुरुस्तीने संहितेच्या ६८ व्या कलमाला जोड दिली: कलेक्टरला बिनवहिवाटीची, म्हणजे कुणाच्या कब्जात नसलेली, जमीन ठरावीक मुदतीने आणि अटींवर देता येईल, आणि कब्जा त्या अटींपुरताच राहील. ७३-अ हे कलमही तेव्हाचेच. अधिसूचित गावांत कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन हस्तांतरित होणार नाही, असे ते सांगते. या अटींवर दिलेल्या जमिनींना ‘नवी शर्त’ म्हणू लागले, ‘नवीन अविभाज्य शर्त’ असा शिक्का सातबाऱ्यावर बसू लागला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ती भोगवटादार वर्ग २ झाली. पुणे विभागातल्या वर्ग २ च्या विक्री परवानगीची प्रकरणे वर सरकत विभागीय आयुक्तांकडे पोचतात तेव्हा ती कॅम्पातल्या त्याच कौन्सिल हॉलच्या आवारात येतात.